मंगलाष्टकं दोनदा का ऐकू येतात?

लग्नाचा पेनड्राइव्ह घरी येतो, टीव्हीला लागतो, घरातले सगळे चहाचे कप घेऊन समोर बसतात. हळद झाली, वरात झाली, अंतरपाट धरला गेला आणि तिथे घोटाळा सुरू होतो. गुरुजी एकच, मंगलाष्टकंही त्यांनी एकदाच म्हटलेली. टीव्हीतून मात्र ती दोनदा येतात. एक शब्द संपायच्या आत त्याचीच सावली मागून येते. त्यात पंख्याची घरघर आणि कुणीतरी अगदी कानाशी "ए बाळ्या, बाजूला हो" म्हणतंय. स्टुडिओत तक्रार नेली की ठरलेलं उत्तर मिळतं: "मागच्या कॅमेऱ्याचा आवाज चालू राहिलाय, काढून देतो."

याच धंद्यात आणखी एक कोडं आहे. कुणाला लग्नाचा तोच व्हिडिओ बिनआवाजाचा हवा असतो. घरच्या एखाद्या कार्यक्रमात पडद्यावर नुसता चालवायला. एका दुकानात सांगतात, "उद्या या, रेंडरला लावावं लागेल." दुसऱ्या दुकानात तीच दोन तासांची फाइल समोर बसल्या बसल्या पाच-सात मिनिटांत मिळते, आणि चित्रही जराही बिघडलेलं नसतं. दोन्हीकडचे संगणक साधारण सारखेच, तरी हा फरक पडतो.

सातारा, कऱ्हाड, विटा, तासगाव, मिरज, सांगली या पट्ट्यात व्हिडिओचं काम भरपूर आहे. खानापूर-आटपाडीकडची गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातली कुटुंबं देशभर पांगलेली. लग्नाला गावी येतात आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी व्हिडिओ हवाच. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा, कुंडलचं कुस्ती मैदान, आणि डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून पुन्हा रंगू लागलेल्या बैलगाडा शर्यती, हे सगळं आता यूट्यूबवर जातं. चार-चार कॅमेरे, वर ड्रोन, हातात फोन. चित्र जितक्या ठिकाणांहून घ्यावं तितके आवाजही गोळा होतात. त्यातले बहुतेक नको असतात.

एका फाइलीत किती आवाज?

आपण जिला 'व्हिडिओ' म्हणतो ती फाइल म्हणजे चार कप्प्यांचा जेवणाचा डबा आहे असं समजा. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही ही डब्यांची नावं आहेत, आतल्या पदार्थांची नव्हेत. एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात आवाज, तिसऱ्यात कदाचित आणखी एक आवाज, चौथ्यात पडद्याखाली येणारी अक्षरं. यातल्या प्रत्येक कप्प्याला ट्रॅक म्हणतात. चित्राच्या कप्प्यात आवाजाचा कणही नसतो आणि आवाजाच्या कप्प्यात चित्राचा नसतो. दोघांना जोडून ठेवते ती वेळेची नोंद: अमुक क्षणाला हे चित्र दाखव आणि त्याच क्षणाला हा आवाज वाजव.

डिस्कवर मात्र हे कप्पे असे सुटे रचलेले नसतात. थोडं चित्र, थोडा आवाज, पुन्हा थोडं चित्र अशी आलटून-पालटून मांडणी असते, म्हणजे फाइल वाजवताना संगणकाला सतत इकडून तिकडे धावावं लागत नाही. पण कुठला तुकडा कोणत्या कप्प्याचा, याची यादी फाइलीतच असते. कप्पा उचलून बाजूला ठेवायला ती यादी पुरते.

दोन आवाज असलेली फाइल फोनवर लावली तर बहुधा एकच ऐकू येतो. प्लेयर यादीतला ठरलेला आवाज निवडतो आणि दुसरा गुपचूप पडून राहतो. व्हीएलसी प्लेयरमध्ये ऑडिओ ट्रॅकच्या मेनूत गेलं की सगळे ट्रॅक दिसतात. हे माहीत नसल्याने होणारी गंमत (नेहमी गंमतच असते असं नाही) पुढे येईलच.

ट्रॅक आणि चॅनल यांतही गल्लत होते. एका आवाजाच्या ट्रॅकमध्ये डावा आणि उजवा असे दोन चॅनल असू शकतात. मोठ्या कॅमेऱ्याला दोन माइक लावता येतात. शूटिंगवाले एकात गुरुजींच्या उपरण्याला लावलेला कॉलर माइक जोडतात आणि दुसऱ्यात कॅमेऱ्यावरचा माइक ठेवतात. फाइल उघडावी तर डाव्या कानात मंगलाष्टकं, उजव्या कानात मंडपाचा पंखा. हेडफोन लावला तर हे लगेच कळतं. एकाच स्पीकरच्या फोनवर ऐकलं तर दोन्ही एकत्र येतात आणि 'आवाज खराब आलाय' असा शेरा बसतो. तो खराब आलेला नसतो. डावा चॅनल घेऊन तोच उजवीकडेही भरायचा, एवढंच काम. ही सोय जवळपास सगळ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि हाताशी असलेला चांगला आवाज 'खराब' म्हणून टाकून द्यायची वेळ तिच्यामुळे टळते.

सावली कुठून येते?

आवाज सेकंदाला साधारण ३४० ते ३५० मीटर जातो. मे महिन्याच्या उन्हात जरा वेगाने. आपल्याकडचा व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा धरला तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, आणि तेवढ्या वेळात आवाज सुमारे १४ मीटर पुढे जातो. बोहल्यापासून वीस मीटरवर मंडपाच्या मागच्या टोकाला उभ्या असलेल्या कॅमेऱ्यापर्यंत गुरुजींचा आवाज पोचायला जवळजवळ ५७ मिलिसेकंद लागतात. चित्र मात्र प्रकाशाच्या वेगाने आलेलं. म्हणजे त्या कॅमेऱ्यातला आवाज त्याच्याच चित्रापेक्षा दीड फ्रेम मागे असतो.

एकटा ऐकला तर हे कुणाला जाणवतही नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या साधारण १२५ मिलिसेकंद मागे पडला तरच सर्वसाधारण प्रेक्षकाच्या लक्षात येतो. उलट तो चित्राच्या पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच खटकतो. लांबचा आवाज उशिरा येतो याची आपल्या कानांना जन्मापासून सवय आहे. आवाज आधी आणि ओठ नंतर, असं निसर्गात घडत नाही.

घोटाळा होतो तो दोन आवाज एकत्र वाजल्यावर. कॉलर माइकचा आवाज वेळेवर येतो, मागच्या कॅमेऱ्याचा ५७ मिलिसेकंदांनी. बोलण्यात साधारण ५० मिलिसेकंदांच्या पुढचं अंतर कान 'दुसरा आवाज' म्हणून मोजतो. हीच ती सावली. अंतर त्याहून कमी असेल तर दुसरा आवाज वेगळा ऐकू येत नाही, पण पहिला पोकळ होतो. दोन माइकमध्ये एका मिलिसेकंदाचा फरक असला, म्हणजे जेमतेम एक फूट, तरी सुमारे ५०० हर्ट्झचा स्वर, मग १५००चा, मग २५००चा, असे काही ठरावीक स्वर एकमेकांना मारतात. माणसाच्या बोलण्याचा ऐवज याच भागात असतो.

मागच्या कॅमेऱ्याजवळच साउंडवाल्याने बॉक्स ठेवला असेल तर हिशेब बदलतो. तारेतून आलेला आवाज त्या बॉक्समधून जवळपास लगेच निघतो आणि कॅमेऱ्यापर्यंत आधी पोचतो. बोहल्यावरचा थेट आवाज नंतर. अशा वेळी त्या एकाच कॅमेऱ्याच्या आवाजात दोन मंगलाष्टकं असतात. तो ट्रॅक कितीही पुढे-मागे सरकवला तरी जुळत नाही, आणि बंद करण्यावाचून इलाज राहत नाही.

यातून एक गोष्ट निघते. नको असलेला आवाज नुसता हळू करून भागत नाही. बारीक ठेवलेला दुसरा ट्रॅकही पहिल्याला पोकळ करत राहतो. 'जरा राहू दे, भरीव वाटतो' म्हणून मागचा कॅमेरा बारीक चालू ठेवायची सवय अनेक एडिटरांना असते. मंगलाष्टकांपुरती तरी ती सोडायला हवी.

बंद करा, पण पुसू नका

मग चार कॅमेऱ्यांपैकी तिघांचा आवाज कॉम्प्युटरवर घेतल्या घेतल्या उडवून टाकला तर? नेटके लोक नेमकं हेच करतात आणि दुपारी डोकं धरून बसतात. कारण चार कॅमेरे एकमेकांशी जुळवायचे कसे? चित्र बघून जुळवायचं म्हटलं तर अक्षता पडतानाची नेमकी फ्रेम चारही ठिकाणी शोधत बसावं लागेल. आवाजाने मात्र हे काम सॉफ्टवेअर स्वतः करतं. प्रत्येक कॅमेऱ्याच्या आवाजाची चढ-उताराची रेघ, तिला वेव्हफॉर्म म्हणतात, ती एकमेकींवर सरकवत सरकवत जिथे सर्वांत चांगली बसते ती जागा धरायची. घरघर असो, खोकला असो, या कामाला सगळं चालतं. ऐकायला टाकाऊ असलेला आवाज जुळवायला सोन्यासारखा असतो.

चित्रपटवाल्यांना हे जुनंच आहे. वाई आणि मेणवलीच्या घाटावर कितीतरी चित्रपटांचं चित्रीकरण झालं. 'स्वदेस'चंही (२००४) झालं. पूर्वी बहुतेक हिंदी-मराठी चित्रपटांत जागेवर घेतलेला आवाज अंतिम चित्रपटात ठेवतच नसत. कॅमेऱ्याची खरखर, बघ्यांची गर्दी, घाटावरचे कावळे, सगळं त्यात असे. तरी तो घेत असत. त्याला पायलट म्हणत. नटाने नेमके कोणते शब्द, कोणत्या लयीत उच्चारले, हे नंतर डबिंगच्या खोलीत कळावं एवढ्याचसाठी. २००१च्या 'लगान'ने जागेवरचाच आवाज ठेवला आणि ते तेव्हा बातमी व्हावं इतकं वेगळं होतं. फेकून द्यायचं हे ठरवूनच काळजीपूर्वक रेकॉर्ड केलेला आवाज, अशी ही पायलटची जात. आजच्या लग्नातल्या मागच्या कॅमेऱ्याचा आवाज त्याच जातीचा आहे.

जुळवणी झाली तरी तो लगेच पुसू नये याला आणखी एक कारण आहे. कॅमेरा आणि सुटा रेकॉर्डर यांची आतली घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. दर दहा लाखांत ३० भागांचा फरक असला तर तासाभरात ०.१०८ सेकंद, म्हणजे जवळपास तीन फ्रेम सरकतात. सुरुवातीला ओठांशी जुळलेलं भाषण शेवटी सुटतं. जुळवणी शेवटीही तपासायची असेल तर कॅमेऱ्याचा मूळ आवाज जवळ लागतो.

म्हणून क्रम असा: आधी जुळवणी, मग म्यूट, आणि पुसणं अगदी शेवटी, तेही गरज असेल तर. एडिटिंगच्या भाषेत यासाठी वेगवेगळी बटणं आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे. ट्रॅक म्यूट केला की त्या आडव्या पट्टीवरचं सगळं गप्प होतं. एखादा तुकडा डिसेबल केला तर तेवढाच गप्प होतो. प्रीमियरमध्ये शिफ्ट आणि ई दाबून हे होतं, आणि पुन्हा तेच दाबलं की परत येतो. अनलिंक म्हणजे चित्र आणि आवाज यांची गाठ सोडणं. ती सोडली की आवाज उडवता येतो, पण त्यानंतर चित्र चुकून सरकलं तर उरलेला आवाज जागीच राहतो. गाठ सोडायची ती फार विचार करून, असं माझं मत आहे. निम्मे लिप-सिंकचे घोळ इथूनच सुरू होतात.

आणि सगळ्यांत कमी कष्टाचा उपाय या तिन्हींच्या आधीचा आहे: आवाज टाइमलाइनवर आणायचाच नाही. मूळ फाइल कार्डावर-डिस्कवर आवाजासकट शाबूत असतेच. टाइमलाइनवर येतो तो तिचा नुसता हवाला. आपल्याकडे लग्नाच्या कामात फार चालणाऱ्या एडियसमध्ये चित्र-आवाज जोडीचा व्हीए ट्रॅक आणि नुसत्या चित्राचा व्ही ट्रॅक असे वेगळे असतात. प्रीमियरमध्ये क्लिप ओढताना फक्त चित्राची खूण धरून ओढता येते. कासच्या पठारावरचं प्री-वेडिंग, ठोसेघरचा धबधबा, हळदीची स्लो मोशन, अशा तुकड्यांचा आवाज वापरायचा नसतो हे आधीच माहीत असतं. शंभर तुकडे आवाजासकट आणून मग शंभर वेळा पुसण्यापेक्षा सुरुवातीला एक बटण बंद करावं.

दुकानांतला फरक

आता त्या बिनआवाजाच्या फाइलीचं कोडं. पहिल्या दुकानात फाइल एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतात, आवाज पुसतात आणि एक्स्पोर्ट करतात. एक्स्पोर्ट म्हणजे चित्राची प्रत्येक फ्रेम उलगडायची आणि पुन्हा दाबून बसवायची. दोन तासांच्या व्हिडिओत १,८०,००० फ्रेम, आणि फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० ठिपके. गुणाकार सदतीस हजार कोटींच्या पुढे जातो. आवाज काढायचा होता. त्यापायी चित्राचे एवढे ठिपके संगणकाने नव्याने हाताळले. डब्यातून एक भाजी काढायची म्हणून अख्खा स्वयंपाक पुन्हा करण्यातला हा प्रकार. शिवाय दाबलेलं चित्र पुन्हा दाबलं की थोडा बारकावा जातोच: शालूच्या जरीत, हळदीच्या पिवळ्यात तो आधी दिसतो.

दुसऱ्या दुकानातला माणूस डब्याचं झाकण उघडतो, एक कप्पा काढतो, झाकण लावतो. चित्राच्या कप्प्याला तो हातही लावत नाही. आहेत तसे आकडे एका फाइलीतून दुसरीत उतरवतो. एफएफएमपेग नावाचं फुकट साधन आहे, आणि ज्यांना काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची भीती वाटते त्यांच्यासाठी त्यावरच उभं असलेलं लॉसलेसकट आहे. त्यात ट्रॅकची यादी दिसते, नको त्यावरची खूण काढायची आणि निर्यात करायची. वेळ लागतो तो फक्त फाइल वाचायला आणि लिहायला. १८ जीबीची फाइल सेकंदाला १०० एमबीच्या जुन्या हार्डडिस्कवर वाचायला तीन मिनिटं, त्याच डिस्कवर लिहायला आणखी तीन. एसएसडी असेल तर त्याहून कितीतरी कमी. संगणकाचं बळ इथे जवळपास लागतच नाही.

या नक्कल-पद्धतीला एक मर्यादा आहे, पण ती आवाज काढण्याला लागू नाही. चित्र मधूनच कापायचं असेल तर नक्कल-पद्धतीने हव्या त्या फ्रेमवर कापता येत नाही, कारण दाबलेल्या चित्रात बहुतेक फ्रेम पूर्ण नसतात. आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच त्यांत लिहिलेलं असतं. काप पूर्ण फ्रेमवरच बसतो. आवाजाचा अख्खा कप्पा काढताना हा प्रश्नच येत नाही.

[चौकट]
आवाजाला जागा किती लागते?
तासाभराचं चित्र, ५० मेगाबिट वेगाने: साधारण २२.५ जीबी.
तासाभराचा न दाबलेला स्टिरिओ आवाज (४८ किलोहर्ट्झ, १६ बिट): साधारण ६९० एमबी.
तोच २४ बिटचा: साधारण १ जीबी.
तोच दाबलेला, १२८ किलोबिटचा: ५८ एमबीच्या आसपास.
म्हणजे जागा वाचवायला आवाज पुसण्यात काही हशील नाही. पुसायचं कारण दुसरं असावं.
[चौकट समाप्त]

गप्प आवाज आणि नसलेला आवाज

म्यूट करून एक्स्पोर्ट केलेल्या फाइलीत बहुधा आवाजाचा ट्रॅक असतोच, फक्त त्यात शांतता भरलेली असते. कप्पा रिकामा, पण जागेवर. कप्पाच काढला तर ती फाइल खरोखर बिनआवाजाची होते. कानाला दोन्ही सारख्याच. यंत्राला मात्र नाहीत. ड्रोनच्या फाइली बहुधा दुसऱ्या प्रकारच्या असतात; पंख्यांच्या आवाजापुढे माइक निरुपयोगी म्हणून तो दिलेलाच नसतो. स्लो मोशनसाठी वेगाने शूट केलेल्या तुकड्यांतही अनेक कॅमेरे आवाज टिपत नाहीत. शर्यतीचे सात तुकडे नक्कल-पद्धतीने एकापुढे एक जोडायचे आहेत आणि मधला एक ड्रोनचा आहे, असं झालं की गडबड होते: आवाजाच्या रांगेत त्या तुकड्याची जागाच नसते, आणि काही साधनं पुढचा आवाज सरळ पुढे ओढून घेतात. घाटाच्या शेवटी बैलजोडी पोचायच्या आत निवेदक तिचा निकाल सांगून मोकळा. अशा ठिकाणी ड्रोनच्या तुकड्याला मुद्दाम शांततेचा ट्रॅक जोडावा लागतो.

उलट बाजूचा धोका जास्त गंभीर. गुरुजींच्या उपरण्याचा माइक विधी संपल्यावर बंद करायचा राहतो. पुढची वीस मिनिटं दक्षिणेची घासाघीस, व्याह्यांबद्दलचे दोन शब्द, सगळं स्वच्छ रेकॉर्ड होतं. अंतिम व्हिडिओत ते नसतं. पण फाइलीत दुसरा ट्रॅक म्हणून राहून गेलं असेल तर फोनवर कळणार नाही आणि व्हीएलसीत एका क्लिकवर ऐकू येईल. बाहेर जाणाऱ्या फाइलीतून असा ट्रॅक नुसता गप्प करून चालत नाही. तो काढलाच पाहिजे, आणि काढल्यावर यादी उघडून पाहिली पाहिजे.

एकात एक मिसळलं तर?

इथवर सगळं सोपं होतं, कारण आवाज वेगळ्या कप्प्यांत होते. एकाच माइकने मंगलाष्टकं आणि पंखा दोन्ही टिपले असतील तर तो वरण कालवलेला भात झाला. कप्पा काढून उपयोग नाही.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली उभं राहून कुणी रील करतं तेव्हा ऐका. फडफड, भडभड, मध्ये एखादा शब्द. हा पवनचक्कीचा आवाज नव्हे. वारा माइकच्या पडद्यावरच थडकतो त्याची ही फडफड. मुख्यतः खालच्या पट्टीतली. तिच्या जोराने माइकची मर्यादा ओलांडली गेली की त्या क्षणाचा शब्द लिहिलाच जात नाही, मग नंतर शोधणार काय? माइकवर केसाळ टोपी घालणं किंवा वाऱ्याकडे पाठ करणं, हे दोनच खात्रीचे उपाय. नाहीतर तो आवाज सरळ टाकावा आणि मागाहून घरात बसून बोलावं.

कुस्तीच्या मैदानात वेगळाच पेच. हलगीचा पहिला ठोका पडला की फोन स्वतःहून आवाज खाली ओढतो, शांतता झाली की वर चढवतो. त्यामुळे निवेदक कधी जवळ, कधी लांब गेल्यासारखा वाटतो. निवेदकाचा आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरवरून तारेने थेट घेतला तर हा प्रश्न मिटतो. पण मग फक्त तोच ठेवून मैदानाचा आवाज पूर्ण काढला की व्हिडिओ मेल्यासारखा होतो. हलगी नको असलेला आवाज आहे का? यूट्यूबवर कुस्ती बघणाऱ्याला विचारा. सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिरात नाटक शूट करतानाही असंच: कलाकारांचे माइक स्वच्छ, पण प्रेक्षकांचा हशा मागच्या कॅमेऱ्यातच असतो. तो काढला तर नट एका रिकाम्या सभागृहात विनोद करताना दिसतो. अशा ठिकाणी मागचा ट्रॅक बंद ठेवून फक्त हशा आणि टाळ्यांपुरता उघडायचा.

बोलणं वेगळं काढून देणारी नवी साधनं आली आहेत. डाविंची रिझॉल्व्हच्या विकतच्या आवृत्तीत व्हॉइस आयसोलेशन आहे. हजारो तासांचं बोलणं आणि गोंगाट ऐकून ती 'बोलणं कसं असतं' हे शिकलेली असतात आणि त्यावरून अंदाजाने निवड करतात. मुलाखतीला उत्तम. मंगलाष्टकं मात्र धड बोलणं नव्हे, धड गाणं नव्हे, मागे सनई. तिथे लांबवलेला स्वर मधूनच गिळला जातो. वापरावं, पण ऐकून, आणि मूळ आवाज ठेवून.

वरातीतल्या गाण्यांचं आणखी वेगळं. डॉल्बीवर वाजलेलं सिनेमाचं गाणं व्हिडिओत आलं की यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते ओळखते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५२मध्ये लग्नाच्या मिरवणुकीत गाणं वाजवायला सूट आहे; त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर चढवायची ती परवानगी नव्हे. यूट्यूबच्या स्टुडिओत तेवढा भाग गप्प करायची किंवा गाणं बदलायची सोय असते. पण तिथे चढवण्याआधी, प्रोजेक्ट उघडा असतानाच वरातीचा आवाज बदलून घेतलेला बरा. घरच्यांच्या पेनड्राइव्हमध्ये खरं गाणं ठेवा, इंटरनेटवर दुसरं.

ऑर्डर देताना काय विचारावं

हे सगळं एडिटरचं काम खरं, पण गिऱ्हाईकाने विचारलं की ते नीट होतं. बुकिंगच्या वेळी अल्बमचे कागद बघता तसं हेही विचारा: गुरुजींना वेगळा माइक लावणार का, आणि तो आवाज कुणी हेडफोन लावून ऐकत असणार का? मंगलाष्टकांचा मूळ सुटा आवाज वेगळ्या फाइलीत द्याल का, हेही विचारा. तासाभराची ती फाइल न दाबताही एक जीबीच्या आसपास भरते. पेनड्राइव्हमध्ये सहज मावते.

आणि पेनड्राइव्ह ताब्यात घेताना मंगलाष्टकांची पाच मिनिटं तिथेच ऐका, हेडफोनवर, दोन्ही कानांनी. स्टुडिओच्या डिस्कवर रॉ डेटा कायम राहत नाही. पुढच्या सीझनला जागा हवी असते. तो आहे तोवर दुसरा आवाज एका क्लिकमध्ये बंद होतो. तो गेल्यावर तुमच्या हातात उरतो तो एकच मिसळलेला ट्रॅक, आणि त्यातून एका गुरुजींची दोन मंगलाष्टकं वेगळी करून देणारं भरवशाचं साधन अजून नाही.